बेसिनमधले काळे कान

"स्वयंपाकात अवघड असं काही नसतंच मुळी! वजन-माप बरोबर असलं की पदार्थ बरोबर. तुम्ही लोकांनी उगाच त्याचा बाऊ करून ठेवलाय!"

काटेसाहेबांनी बायकोला फोनवर हे ठणकावून सांगितलं, तेव्हा त्यांच्या नावावर एकच पदार्थ जमा होता. तो म्हणजे चहा, आणि तोही फाटलेल्या दुधाचा! बायको आठवडाभर ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेली होती आणि आज संध्याकाळी परत येणार होती. ती दमून येईल तेव्हा टेबलावर गरम जेवण असेल, असं साहेबांनी जाहीर करून टाकलं होतं.

"बाहेरून मागवा हो काहीतरी," बायको म्हणाली.

"छे! टोफू, भाज्या, मशरूम आणि नूडल्स. तिळाच्या तेलात परतायचं, वरून सोया सॉस, की झालं! नवशिक्यांसाठीचं पुस्तकच आणलंय मी. सगळं शुद्ध शाकाहारी!"

"गॅस बंद करायला विसरू नका," बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आता हे काटेसाहेब कोण, ते सांगायला हवं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडायचं, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. त्यावरून बाजाराने त्यांना काटेसाहेब हे नाव दिलं आणि त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. ते रस्त्याच्या तोंडाशी दिसले की भाजीवाले दोन बटाटे जास्तच टाकायचे, आणि जास्त टाकले म्हणूनही साहेब त्यांना झापायचे!

पण बाजार संपून घराचं फाटक आलं की या वाघाची शेळी व्हायची. कारण फाटकाच्या आत तळमजल्यावर घरमालक राहायचे, आणि घरमालक होते निवृत्त जेलर. उंची दारात न मावणारी, मिशा आवाजाच्याही पुढे येणाऱ्या आणि हातात कायम काठी. जेलरसाहेबांचे भाडेकरूंसाठी दोन नियम होते. घरात मांसमच्छी, अंडं काहीही शिजता कामा नये हा पहिला, आणि रोज सकाळी फाटकापाशी कचऱ्याची बादली तपासून घ्यायची हा दुसरा. ते काठीने कचरा उलथापालथा करून बघत. आधीच्या भाडेकरूच्या कचऱ्यात मांजरीच्या खाऊचं रिकामं पाकीट निघालं आणि त्यावर माशाचं चित्र होतं, एवढ्यावरून त्या बिचाऱ्याला महिन्याच्या आत घर सोडावं लागलं होतं. मांजरीसकट!

काटेसाहेब पहिल्या मजल्यावर राहत. घर उजेडाचं, हवेशीर, बायकोचं ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर. असं घर मिळायला त्या दोघांनी शहर पालथं घातलं होतं. ते सुटलं तर बायको आपल्याला काय म्हणेल, याचा विचारसुद्धा साहेबांना नको वाटायचा. म्हणून ते जेलरसाहेबांसमोर शिंकताना देखील आधी परवानगी मागितल्यासारखा चेहरा करत.

तर त्या दिवशी दुपारी साहेब सामान आणायला निघाले. टोफू, नूडल्स, सॉसच्या बाटल्या असलं सगळं विकणारं एक दुकान बाजाराच्या टोकाला होतं. साहेबांना दारात बघून दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

"साहेब, काटा एकदम बरोबर आहे हो! तुम्हीच तर शिक्का मारून गेलात!"

"तपासायला नाही आलो. मशरूम हवेत. सुके, काळे."

"हात्तिच्या! किती जणांसाठी करायचंय?"

"दोघांसाठी."

"मग मूठभर घेऊन जा की. मूठभर म्हणजे डोक्यावरून पाणी—"

"मूठभर?" साहेबांचा आवाज एकदम सरकारी झाला. "मूठ हे माप कोणत्या कायद्यात आहे? तुमची मूठ वेगळी, माझी मूठ वेगळी, पहिलवानाची वेगळी! पुस्तकात अडीचशे ग्रॅम छापलंय. अडीचशे ग्रॅम द्या!"

"पण साहेब, ते भिजवल्यानंतरचं—"

"वजन करा!"

दुकानदाराने तोंड मिटलं आणि वजन करायला घेतलं. काळे, वाळके, चुरगळलेल्या कागदासारखे तुकडे तो पिशवीत भरतच राहिला. पिशवी फुगून उशीएवढी झाली, तरी काटा काही अडीचशेवर येईना. एवढं हलकं कसं, असा प्रश्न साहेबांच्या मनात येऊन गेला. पण काट्यावर शिक्का त्यांचाच होता, तेव्हा शंका घ्यायची तरी कोणावर?

घरी येऊन त्यांनी पुस्तक उघडलं. 'टोफूवर वजन ठेवून त्यातलं पाणी काढावं.' किती वजन, ते मात्र लिहिलेलं नव्हतं! साहेबांना लेखकावर खटला भरावासा वाटला. शेवटी त्यांनी घरातलं पाच किलोचं लोखंडी वजन काढलं, पुसलं आणि टोफूवर ठेवलं. पाणी निघालंच, पण टोफूही निघाला. चारी बाजूंनी! उरला तो ताटलीला चिकटलेला एक पांढरा थर. साहेबांनी तो कालथ्याने खरवडला आणि 'बारीक तुकडे करावेत' ही पुढची पायरी आपोआप झाल्याचं समाधान मानलं.

मग त्यांनी सगळे मशरूम पातेल्यात घातले, वर कोमट पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि ते गाजरं चिरायला बसले. एकेक गाजर वजन करून चिरत असल्यामुळे ते काम बराच वेळ चाललं.

पाठीमागे काहीतरी 'ठण्ण' करून पडलं.

साहेब दचकले. मागे वळून बघतात तर पातेल्याचं झाकण जमिनीवर! आणि पातेल्याच्या काठावरून काळं, ओलं, लिबलिबीत असं काहीतरी बाहेर डोकावत होतं. एक नव्हे, दोन नव्हे, एकावर एक रचलेले ढीगभर! साहेबांनी जवळ जाऊन बघितलं आणि ते दोन पावलं मागे सरले. ते कान होते. अगदी पाळीसकट, आतल्या वळ्यांसकट, मागच्या बारीक लवेसकट, हुबेहूब कान!

त्यांनी धीर करून एकाला बोट लावलं. तो थरथरला. साहेब त्याच्याहून जास्त थरथरले.

हे मशरूमच आहेत, हे त्यांच्या बुद्धीला कळत होतं. पण पायांना कळत नव्हतं. त्यांनी लटपटत मोठं पातेलं काढलं, त्यात कान ओतले. थोड्या वेळाने मोठं पातेलंही भरलं. मग परात झाली. मग धुण्याची बादली! स्वयंपाकाला लागणारे जेमतेम मूठभर त्यांनी सोया सॉसमध्ये घालून बाजूला ठेवले, आणि उरलेली बादली काठोकाठ भरून त्यांच्याकडे कान देऊन बसली.

तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. टक, टक, टक.

साहेबांनी दोरीवरचा टॉवेल ओढला आणि बादलीवर टाकला. दार वाजलं.

"काटे!" जेलरसाहेब दारातच उभे राहिले. नाक वर करून त्यांनी हवा ओढली. "काय शिजतंय? जिन्यात वास सुटलाय."

"सोया सॉस, जेलरसाहेब! सोयाबीनचा असतो. झाडावरचा!"

"झाडावर?"

"म्हणजे रोपावर! जमिनीतून येतं. पूर्ण शाकाहारी!"

"हं." काठीचं टोक हळूहळू फिरत बादलीवर आलं. "त्यात काय?"

आता इथे खरं सांगून टाकलं असतं तर गोष्ट संपली असती. पण टॉवेलखाली बादलीभर कान आहेत आणि समोर असा माणूस आहे, की ज्याने माशाच्या चित्रावरून माणसं घराबाहेर काढली! साहेबांची बोबडी वळली आणि तोंडातून भलतंच निघालं.

"मोजे."

"बादलीभर?"

"ऑफिसचे... बरंच चालावं लागतं ना."

जेलरसाहेबांनी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग बादलीकडे बघितलं. "सकाळी कचरा बघतोच मी," एवढं बोलून ते खाली गेले.

दार लावून साहेब त्यालाच टेकले. सकाळी कचरा! हे कान कचऱ्यात टाकले तर काठीच्या पहिल्याच फटक्यात बाहेर येणार. पिशवीत भरून बाहेर न्यावेत तर फाटकापाशी जेलरसाहेब बसलेले. घरात ठेवावेत तर बायको आल्याआल्या टॉवेल शोधणार. राहता राहिली एकच जागा.

साहेबांनी बेसिनची जाळी काढली. लाटणं घेतलं. आणि एकेक कान भोकात घालून ते लाटण्याच्या टोकाने आत ढकलू लागले. वरून गरम पाणी. कान, लाटणं, पाणी. कान, लाटणं, पाणी. तळाशी राहिलेले अर्धवट वाळकेही गेले. 'जा बाबांनो, जा,' असं ते पुटपुटत होते. सगळी बादली रिकामी झाली, तेव्हा पाइपने पोटातून एक लांब ढेकर दिला. साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कढई तापवली, तिळाचं तेल घातलं, गाजरं टाकली, मूठभर मशरूम टाकले, टोफूचा चुरा टाकला. सुरेख वास सुटला. वजन आणि माप, दुसरं काय!

आणि खालून किंकाळी आली.

ती किंकाळी काकूंची होती. काकू म्हणजे जेलरसाहेबांच्या पत्नी. पहिला नियम खरं तर त्यांचाच, जेलरसाहेब फक्त त्याची अंमलबजावणी करायचे. साहेबांनी गॅस बंद केला आणि हातातला कालथा तसाच घेऊन ते जिना उतरले. खाली जाऊ नये असं प्रत्येक पायरी त्यांना सांगत होती. पण न जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं!

खालच्या स्वयंपाकघरात काकू खुर्चीवर उभ्या होत्या. बेसिन काळ्या पाण्याने तुडुंब भरलं होतं, आणि त्या पाण्यावर, एकमेकांना खेटून, चांगले फुगून, तरंगत होते—

"कान!" काकू ओरडल्या. "कान आलेत हो मोरीतून! मी भांडी घासतेय आणि हे आपले एकामागून एक वर! कुणाचे आहेत हे?"

साहेबांच्या सगळं लक्षात आलं. खाली कुठेतरी पाइप तुंबला होता, आणि वरून ढकललेलं सगळं पहिलं भोक सापडलं तिथे बाहेर आलं होतं.

जेलरसाहेब काठी धरून भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि मिशा खाली आल्या होत्या. रागाने, असं साहेबांना वाटलं. एवढा राग, की शब्दच फुटत नाही! ते आणखीनच घाबरले.

"डुकराचे असतील का?" काकू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली गेला. "की... माणसाचे?"

"अगं, काहीतरीच काय!" जेलरसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चक्क बारीक झाला होता.

"काहीतरीच कशाला? दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं? ती नर्स! रोज इस्पितळातून डबा घेऊन येते. डब्यात काय असतं ते कधी कोणी बघितलंय?"

"इस्पितळात कान कापून घरी न्यायला देतात का?"

"मग मटण आहे. काहीही असलं तरी ते तिचंच! हे काटेसाहेब तर मुंगीला घाबरणारे, यांच्या हातून काय होणार? तिला म्हणावं, आजच्या आज घर खाली कर!"

साहेब सुटले! क्षणभर त्यांना इतकं हलकं वाटलं, की तिथल्या तिथे बसावंसं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली. नर्सबाई भल्या होत्या. मागे साहेबांना ताप भरला तेव्हा ड्यूटीवरून दमून आल्यावरही त्या त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. आता त्या इस्पितळात कोणाच्या तरी उशाशी बसल्या असतील आणि इकडे त्यांचं घर चाललं! बोलावं, तर आपलं घर जातं. न बोलावं, तर त्यांचं.

"मी प्लंबरला बोलावते," काकू म्हणाल्या.

"प्लंबर नको!" जेलरसाहेब जवळजवळ ओरडले. "कशाला उगाच? गरम पाणी ओतू, जाईल आपोआप."

"नको, नको, प्लंबर कशाला," साहेबही लगेच म्हणाले. दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

काकूंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि फोन उचलला.

प्लंबर गल्लीतलाच. तो शीळ घालत आला. बेसिनमध्ये बघून तो म्हणाला, "अरे वा!" त्याने बाह्या सरसावल्या, खाली बसून पाइप सोडवला आणि बादली लावली. "काळजी करू नका, काकू. आत काय काय आहे ते सगळं बाहेर काढतो. मग ज्याचं त्याने ओळखून घ्यावं."

हे वाक्य ऐकून साहेबांना ब्रह्मांड आठवलं. जेलरसाहेबही काठीवर थोडे जास्तच वाकले.

प्लंबर एकेक कान ओढून वर्तमानपत्रावर ठेवू लागला. प्रत्येक कानाबरोबर काकू 'ई!' करत. कागद भरला, दुसरा अंथरला. काकूंनी खुर्चीवर उभ्या उभ्याच नर्सबाईंचा नंबर लावला. फोन वाजू लागला. एकदा. दोनदा.

"काकू, थांबा!" साहेबांना आपलाच आवाज परका वाटला. "कान माझे आहेत!"

सगळ्यांनी आधी साहेबांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. प्लंबरने तर नीट वाकून बघितलं.

"म्हणजे मशरूम आहेत हो ते! सुके आणले होते, भिजले आणि वाढले! वाढतच गेले! मी घाबरलो आणि बेसिनमध्ये ढकलले! नर्सबाईंचा यात काही संबंध नाही. शाकाहारी आहेत, काकू, शपथ! थांबा, दाखवतो!"

ते एका दमात वर गेले आणि कढई घेऊन खाली आले. सगळ्यांसमोर त्यांनी एक अख्खा काळा कान उचलला, तोंडात घातला आणि चावला. तो कुरकुरला. काकूंनी डोळे गच्च मिटले. साहेब मात्र चावत राहिले; घरासाठी माणूस काय काय करतो!

प्लंबरने हात धुतले, काकूंकडून चमचा मागून घेतला आणि चव बघितली. "बुरशीच आहे, काकू. झाडाच्या खोडावर येते ना, ती. बरं लागतंय, पण मीठ घातलेलं नाही."

काकू खुर्चीवरून उतरल्या. त्यांनी फोन बंद केला. "अहो, पण बादलीभर भिजवलेत कशाला?"

"अडीचशे ग्रॅमच होते, काकू..."

"सुके?"

"सुके."

काकूंनी कपाळाला हात लावला. साहेब मान खाली घालून निकालाची वाट बघू लागले. बोलले ते मात्र जेलरसाहेब, आणि तेही कधी नव्हे इतक्या प्रेमळपणे.

"चला! मिटलं प्रकरण! मशरूम शाकाहारी, काटे निर्दोष. माणूस आहे, चूक होते. प्लंबर, तू निघ आता!"

"निघतो कसा साहेब? पाणी अजून उतरत नाही." प्लंबरने पाइपमध्ये लांब स्प्रिंग घातली होती आणि तो ती फिरवत होता. "मशरूम वरवर होते. ते अडकले कशाला, तर खाली आधीच काहीतरी टणक बसलंय. बरंच जुनं आहे."

"राहू दे ते टणक!"

पण स्प्रिंग बाहेर आली होती. तिच्या टोकाला चिकटून काहीतरी निघालं आणि कागदावर पडलं. पांढरे, तपकिरी, बारीक तुकडे, एकमेकांत घट्ट बसलेले. प्लंबरने ते बोटांनी फोडले.

"अंड्याची कवचं," तो म्हणाला. "रोजचं गिऱ्हाईक दिसतंय."

काकूंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी जेलरसाहेबांकडे बघितलं. आणि तेव्हा कुठे त्यांना कळलं, की मघापासून त्या कपाळावर आहे तो रागाचा घाम नाही. हे बेसिन खालचं, हा पाइप खालचा. एवढा धिप्पाड माणूस, ज्याच्या नुसत्या खोकल्याने बराकीच्या बराकी गप्प व्हायच्या, तो आता काकूंच्या पाठीआडून साहेबांना हात जोडत होता! दोन्ही हात! काठी काखेत धरून!

साहेबांची पाचावर धारण बसली. अंडी माझी म्हणावं, तर काकू घराबाहेर काढणार. माझी नाहीत म्हणावं, तर जेलरसाहेब काढणार. घर दोन्हीकडून चाललं होतं. बायको या क्षणी गाडीत बसून घराकडे येत असेल आणि तिला माहीतही नसेल, की कोणत्या घराकडे!

"ती... काकू... ती पण..." साहेबांची ततपप सुरू झाली. "कदाचित एक प्रकारची बुरशीच..."

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. "मघाशी खरं बोललात तेवढं पुरे." मग मागे न वळताच त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही हात खाली घ्या हो. खिडकीच्या काचेत सगळं दिसतंय."

जेलरसाहेबांचे हात खाली आले. काठी पडली.

"मी सकाळी फिरायला गेले की तुम्ही माझ्या चहाच्या किटलीत अंडी उकडता. मला ठाऊक नाही असं वाटतं का तुम्हाला? घरात शिरल्या शिरल्या वास येतो."

"मग... बोलली का नाहीस कधी?" जेलरसाहेब पुटपुटले.

"कशाला बोलू? पुरावा नको म्हणून तुम्ही रोज बेसिन घासून ठेवायचात, ओटा पुसायचात, किटली विसळायचात. लग्न झाल्यापासून घरातलं तेवढंच एक काम तुम्ही केलंत! बोलले असते तर तेही बंद पडलं असतं."

प्लंबरने तोंड फिरवून पाइप बसवायला घेतला. त्याचे खांदे हलत होते.

"आणि लोकांचा कचरा काठीने उचकटता!" काकूंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "उद्यापासून ते बंद. नियमबियम सगळे बंद. ज्याला जे खायचं ते त्याने आपापल्या घरात खावं. फक्त माझ्या स्वयंपाकघरात अंडं नको."

"मग मी कुठे उकडू?" जेलरसाहेबांनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

काकूंनी क्षणभर विचार केला. मग त्या साहेबांकडे वळल्या. "तुमची काही हरकत आहे का हो? नाहीतरी तुमच्याकडे काहीबाही काळं शिजतच असतं."

"माझी? हरकत?" साहेबांना रडू फुटायचं बाकी होतं. "अहो काकू, घर तुमचंच आहे! रोज या म्हणावं! दोन वेळा या!" घर वाचलं होतं! त्या आनंदात ते जेलरसाहेबांच्या गळ्यात पडले. त्यांना मिठी मारता येईना, म्हणून त्यांनी मिळेल तेवढा भाग धरला.

संध्याकाळी बायको आली. साहेबांनी कढई गरम करून समोर ठेवली आणि झालेलं सगळं सांगितलं, आपल्या धैर्यावर जरा जास्त वेळ घालवून. बायको हसून हसून बेजार झाली. तिने मीठ मागून घेतलं आणि मशरूमसकट सगळं संपवलं. "चांगलं झालंय की," असंही ती म्हणाली. साहेबांना स्वतःवरच सरकारी शिक्का बसल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको दात घासत असतानाच दार वाजलं. जेलरसाहेब आत आले, एका हातात अंड्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. त्यांनी अंडी उकडत ठेवली, साहेबांची खुर्ची घेतली आणि तुरुंगातल्या जुन्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. दरोडेखोराची गोष्ट निम्म्यावर येईपर्यंत बायकोची ऑफिसची वेळ टळली. तिसऱ्या दिवशी ते लवकर आले, कारण आदल्या दिवशीची गोष्ट अर्धी राहिली होती. मग ते नाश्त्याला थांबू लागले. मग रविवारी आपला तुरुंगातला एक जुना वॉर्डर मित्र घेऊन आले, आणि त्या मित्रालाही पुष्कळ काही आठवत होतं. सवयीने ते काठीने साहेबांच्या कचऱ्यात एकदा बघून घेत, आणि मग आठवण आली की 'सॉरी हं' म्हणत.

साहेबांची एका शब्दाने बोलायची हिंमत नव्हती. एवढं चांगलं घर!

एका सकाळी बायकोने त्यांना बेडरूममध्ये ओढलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर फाशीच्या कैद्याची गोष्ट रंगात आली होती आणि किटलीची वाफ दाराखालून आत येत होती.

"अहो, मला एक सांगा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पूर्वी निदान मांसमच्छी शिजवली तर या घरातून काढायचे. आता काय शिजवलं म्हणजे काढतील?"